नाकाच्या सर्जरीनंतर भरलेला फिलर विरघळवायचाय, कुणी केलंय का?

गवतफुला:

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही म्हणून सांभाळून घ्या.

माझी राइनोप्लास्टी, म्हणजे नाकाचा आकार बदलायची सर्जरी, झालीये, ओपन पद्धतीची, म्हणजे दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर बारीक छेद देऊन करतात ती. दांड्यावर उंचवटा होता तो कमी केला आणि शेंडा थोडासा उचलला. श्वास छान चालतो, शेंडाही मला आवडलाय, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण सूज उतरत गेली तसतसा दांड्याच्या मधोमध, उजव्या अंगाला, एक खळगा दिसायला लागला. समोरून चटकन लक्षात येत नाही पण वरून उजेड आला की तिथे सावली पडते आणि फोटोत तर हमखास दिसतो. सर्जन म्हणाले होते की वर्षभर जाऊ दे, अजून सगळं बसतंय, मग बघू. मधल्या काळात दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं, तिथे सांगितलं की एवढ्यासाठी परत ऑपरेशन कशाला, थोडा फिलर, म्हणजे त्वचेखाली सुईने भरतात ते जेल, टाकला की एकसारखं होईल आणि नाही आवडलं तर वर्षभरात आपोआप निघून जातो. तसं करून घेतलं. तेव्हा दिसतही छान होतं. नंतर थोडं कमी झाल्यासारखं वाटलं म्हणून तिथेच पुन्हा टच-अप केला.

आता त्यालाही वर्षाच्या वर होऊन गेलंय आणि जायचं तर नावच नाही, उलट नाक आधीपेक्षा रुंद दिसतंय. दोन डोळ्यांच्या मधला भाग भरल्यासारखा वाटतो, बाजूने बघितलं की कपाळ कुठे संपतं आणि नाक कुठे सुरू होतं तेच कळत नाही. बोटाने दाबलं तर काही भाग मऊ लागतो आणि एक छोटासा भाग घट्ट, गाठीसारखा. उन्हात किंचित निळसर झाकही दिसते, पण ते कदाचित माझ्याच मनाचं असेल.

आता परत माझ्या मूळच्या सर्जनकडे गेले तर ते म्हणाले की आधी आतला फिलर काढून टाक, त्याशिवाय खाली खरं नाक काय आहे ते मला कळणार नाही आणि मी हात लावणार नाही. आणि इथेच माझी झोप उडालीये. वाचावं तितकं वेगवेगळं. कुणी म्हणतं फिलर विरघळवायचं ते इंजेक्शन फिलरबरोबर आपली स्वतःची चरबी आणि कूर्चासुद्धा (कार्टिलेज) खातं, कुणी म्हणतं त्वचा सैल पडते, कुणी म्हणतं खळगा पहिल्यापेक्षा खोल होतो. त्यात माझं नाक एकदा उघडून शिवलेलं, आत सगळे व्रण, त्यात पुन्हा सुया टोचायच्या म्हणजे रक्तपुरवठ्याचं काय? ज्यांनी सर्जरी झालेल्या नाकातला फिलर काढलाय त्यांनी कृपया सांगा काय झालं, किती वेळात झालं आणि पुढे ऑपरेशन केलं असेल तर मध्ये किती थांबलात. घरचे म्हणतात आहे तसं राहू दे. मला तसं नाही राहू द्यायचं.


टाकळा:

अगं मी यातून गेलेय, अगदी हाच क्रम, आधी सर्जरी, मग फिलर, मग तो काढणं. म्हणून सविस्तर लिहिते.

इंजेक्शन टोचताना चरचरतं, ते आधी माहीत असलेलं बरं, फिलर भरताना त्यात बहुतेक वेळा भूल मिसळलेली असते त्यामुळे तेव्हा फारसं जाणवत नाही, हे मात्र चांगलंच झोंबतं. पण काही क्षणांचंच. डॉक्टरांनी टोचून झाल्यावर बोटांनी हलकं मसाज केलं आणि माझ्यासमोरच तो भाग मऊ पडत गेला, हात लावला तर कळत होतं. पण त्याच संध्याकाळी नाक सुजलं, आणि सकाळी उठले तर एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, वर काळंनिळं. मी तेव्हा खूप रडले, कारण मला वाटलं हेच आता माझं नाक. नव्हतं गं. ती सूज होती. म्हणून तुला कळकळीने सांगते, पहिले काही दिवस आरशात बघून काहीही ठरवू नकोस. फिलर एक-दोन दिवसांत विरघळून जातो पण टोचल्यामुळे आलेली सूज आणि ऊतींचा भिजलेपणा उतरायला वेळ लागतो, दोन आठवडे झाल्याशिवाय डॉक्टरसुद्धा काही सांगत नाहीत.

खळगा परत दिसला का, तर हो, दिसला. अधिक खोल झाला का, तर नाही. सुरुवातीला मलाही खोल वाटला, मग फिलर भरायच्या आधीचे फोटो काढून शेजारी ठेवले तेव्हा पटलं की तो होता तेवढाच आहे, मधल्या काळात भरलेल्या नाकाची नजरेला सवय झाली होती म्हणून रिकामा झाल्यावर तो मोठा वाटत होता. तुझे फिलरच्या आधीचे फोटो असतील तर ते आत्ताच शोधून एका जागी ठेव, तुझ्यासाठीही आणि डॉक्टरांसाठीही. सर्जरीच्या वेळी काढलेले फोटो सर्जनकडे असतात, ते मागून घेता येतात.

त्वचा सैल पडणं वगैरे माझ्याबाबतीत झालं नाही. थोडे दिवस जरा सुरकुतल्यासारखी, पातळ वाटली, नंतर बसली. पण मी खूप जास्त फिलर भरलेला नव्हता हेही खरं.

आणि ती तुझी घट्ट गाठ. माझ्याही नाकात एक होती. पहिल्या इंजेक्शनने बाकी सगळं उतरलं, ती राहिली, मग मी डॉक्टरांच्या मागे लागले की अजून टाका अजून टाका. त्यांनी नकार दिला आणि आधी सोनोग्राफी करायला पाठवलं. त्यात कळलं की तिथे फिलर उरलेलाच नाही, तो सर्जरीचा व्रण आहे. व्रणावर हे इंजेक्शन कितीही टोचलं तरी उपयोग शून्य. त्यांनी तेव्हा माझं ऐकलं असतं तर विनाकारण टोचून घेतलं असतं मी. ज्यांचं नाक आधी उघडलेलं आहे त्यांना हात लावून कळत नाही गं आत काय आहे ते, ना आपल्याला ना डॉक्टरला.


उंबरठा:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि फिलर भरणं, काढणं दोन्ही करते. तुला न तपासता निदान करता येणार नाही, करणारही नाही, पण जे वाचून तू घाबरली आहेस त्यातलं खरं काय आणि अतिरंजित काय ते नक्की सांगू शकते.

सगळ्यात आधी एकच काम कर, आत नेमकं काय भरलंय ते शोधून काढ. 'फिलर' या एका शब्दाखाली खूप वेगवेगळे पदार्थ येतात. रेस्टिलेन, जुव्हेडर्म यांसारखे जे आहेत ते हायलुरोनिक ॲसिडचे जेल, आणि विरघळतात ते फक्त हेच. रेडिएस हा कॅल्शियम हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, स्कल्प्ट्रा हा पॉलीलॅक्टिक ॲसिडचा, शिवाय पीएमएमए आणि द्रव सिलिकॉनसारखे कायमचे प्रकार आहेत, यांपैकी कशावरही हायलुरोनिडेजचा, म्हणजे विरघळवायच्या इंजेक्शनमधल्या एन्झाइमचा, परिणाम होत नाही. प्रत्येक फिलरच्या खोक्यात लॉट नंबर असलेले स्टिकर असतात, एक पेशंटच्या फाइलला लावतात आणि एक पेशंटला द्यायला हवं. तू जिथे भरलंस तिथे लेखी मागणी कर, दोन्ही वेळचं, कारण पहिल्या वेळी एक आणि टच-अपला दुसरंच वापरलेलं असणं अजिबात अशक्य नाही. आपल्या शरीरात काय घातलंय ते विचारण्यात संकोच कसला, ती तुझी माहिती आहे.

आता कूर्चा विरघळण्याची भीती. नाकाच्या कूर्चेचा आकार आणि ताकद कोलॅजनच्या जाळ्यामुळे टिकते आणि हायलुरोनिडेज कोलॅजनला हात लावत नाही. चरबीवरही त्याचं काम नाही. ते तोडतं ते हायलुरोनिक ॲसिडच्या साखळ्या. हो, आपल्या त्वचेतलं नैसर्गिक हायलुरोनिक ॲसिडही त्या जागी थोडं तुटतं, हे खरं आहे आणि टाकळा म्हणते तो सुरुवातीचा पातळपणा काही अंशी त्यामुळे असू शकतो. पण शरीर ते सतत नव्याने बनवतच असतं. साधारण ७० किलोच्या माणसाच्या शरीरात १५ ग्रॅमच्या आसपास हायलुरोनिक ॲसिड असतं आणि त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश रोज मोडून नवीन तयार होतं. फिलरमधलं मात्र रसायनाने एकमेकांत बांधून, म्हणजे क्रॉसलिंक करून, टिकाऊ केलेलं असतं, म्हणून ते पडून राहतं. नाकाच्या दांड्यावर तर ओठांसारखी हालचालही नाही, त्यामुळे तिथला फिलर जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीपेक्षा खूप जास्त टिकलेला आम्ही नेहमी बघतो, एमआरआयमध्ये काही वर्षांनीही फिलर सापडल्याची उदाहरणं प्रसिद्ध झालेली आहेत. 'वर्षभरात आपोआप जातो' हे वाक्य इतक्या सहज सांगितलं जातं याचं मला वाईट वाटतं.

तू सांगतेस तसं डोळ्यांमधला भाग भरलेला वाटणं, दांडा रुंद होणं, हे नाकातल्या फिलरचं ओळखीचं चित्र आहे. जेल टोचलं तिथेच उभं राहत नाही, त्याला वाट मिळेल तिकडे, म्हणजे बाजूला पसरतं, आणि ऑपरेशन झालेल्या नाकात व्रणांमुळे त्वचा काही ठिकाणी खाली चिकटलेली असते, मग जेल त्या चिकटलेल्या जागेत जातच नाही, आजूबाजूला साठतं. नेमका खळगा तसाच आणि शेजारी फुगवटा, असंही होतं. निळसर झाक तुझ्या मनाचीच असेल असं नाही, पातळ त्वचेखाली जेल वरच्या थरात असलं की प्रकाश विखुरून तशी झाक दिसते, त्याला टिंडाल इफेक्ट म्हणतात. आणि दांड्याच्या मधोमध, जिथे हाड संपून कूर्चा सुरू होते, तिथे नाकाची त्वचा सगळ्यात पातळ असते, म्हणून तिथला जरासाही खळगा किंवा फुगवटा लगेच डोळ्यांत भरतो.

रक्तपुरवठ्याबद्दलची तुझी काळजी रास्त आहे, पण ती थोडी उलट्या जागी लागलीये. ओपन सर्जरीत मधल्या पट्टीतल्या रक्तवाहिन्या कापल्या जातात आणि मग शेंड्याला मुख्यतः बाजूने येणाऱ्या वाहिन्यांवर अवलंबून राहावं लागतं, शिवाय व्रणांमुळे वाहिन्या आपली नेहमीची जागा सोडून चिकटून बसलेल्या असतात, सुई लागली तर सरकत नाहीत. म्हणून सर्जरी झालेल्या नाकात फिलर भरणं हे न उघडलेल्या नाकात भरण्यापेक्षा जास्त धोक्याचं. दांड्यावरची धमनी डोळ्याकडच्या धमनीला जोडलेली असते, जेल चुकून तिच्यात गेलं आणि मागे ढकललं गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि नाक, भुवयांमधला भाग आणि कपाळ ही त्यासाठी सगळ्यात धोक्याची ठिकाणं. हा धोका जेलचा आहे. हायलुरोनिडेज पाण्यासारखं पातळ असतं, ते वाहिनी तुंबवत नाही, उलट फिलरने वाहिनी तुंबली तर तातडीचा उपाय म्हणून आम्ही तेच मोठ्या प्रमाणात वापरतो. म्हणजे तू ज्याला घाबरतेयस त्याच्यापेक्षा जास्त धोक्याची गोष्ट तू आधीच पार केलीयेस.

मात्र धोका अजिबात नाही असंही नाही. मुख्य आहे तो ॲलर्जीचा. दुर्मिळ आहे, पण झाली तर गंभीर होऊ शकते. मधमाशीच्या किंवा गांधीलमाशीच्या दंशाने तुला कधी अंगभर गाठी, घसा सुजणं असं झालं असेल तर आधी सांग, कारण त्यांच्या विषातही हेच एन्झाइम असतं. हातावर थोडंसं टोचून अर्धा तास थांबून बघतात, ती चाचणी करायला सांग, आणि जिथे ॲड्रेनालिन, म्हणजे गंभीर ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, आणि ते देता येणारा माणूस समोर आहे अशाच ठिकाणी कर. ॲस्पिरिन, ॲलर्जीच्या गोळ्या, स्टिरॉइड चालू असतील तर तेही सांग, त्यांच्यामुळे इंजेक्शन कमी असर करू शकतं. जागेवर लालसर, गरम, दुखरं असं काही असेल, म्हणजे इन्फेक्शनची शंका असेल, तर आधी ते बरं करतात, कारण या इंजेक्शनने ते पसरू शकतं.

किती युनिट लागतील ते विचारू नकोस, कारण ते बघितल्याशिवाय सांगणं चूक ठरेल. फिलर कुठला, किती दाट क्रॉसलिंक केलेला, किती जुना, कुठल्या थरात, यावर सगळं ठरतं. मी स्वतः अशा नाकात आधी कमी देते, दोन आठवड्यांनी बघते आणि लागलं तरच परत देते. घाईने एकदम सगळं उतरवण्यात पेशंटला मानसिक धक्का जास्त बसतो.


आडवाटेचा:

ताई, तुमचं सगळं पटतंय, पण एक वेगळा मुद्दा मांडतो. सगळ्यांनी काढलंच पाहिजे असं आहे का? माझं नाक अपघातात मोडलं होतं, त्याची सर्जरी झाली आणि पुढे दांड्यावर डावीकडे बुजल्यासारखं राहिलं म्हणून मीही फिलर घेतलाय. थोडासा रुंद दिसतो, मान्य आहे, पण मला परत ऑपरेशन करायचं नाही, भूल, बंद नाकाने झोपणं, परत एक वर्ष सूज उतरायची वाट बघणं, नको वाटतं. माझ्या सर्जननेही सांगितलं की त्रास नसेल तर राहू दे, हळूहळू कमी होईल. तर गवतफुला, तुम्हाला रिव्हिजन, म्हणजे परत सर्जरी, करायचीच आहे हे पक्कं आहे का? की नुसती रुंदी खटकतेय? रुंदीच खटकत असेल तर फक्त डोळ्यांच्या मधला जास्तीचा काढून खळग्यातला तसाच ठेवता येईल की. अर्धवट विरघळवता येतं असं मी ऐकलंय.


उंबरठा:

आडवाटेचा, तुमच्या बाबतीत तुमच्या सर्जनचा सल्ला अगदी योग्य आहे. त्रास नाही, त्वचेचा रंग नीट आहे, पुढे ऑपरेशन करायचं नाही, मग उगाच का टोचायचं. गवतफुलाचं गणित वेगळं आहे कारण तिला सर्जरी करायचीये. आत जेल असताना सर्जनला खालच्या हाडाचा आणि कूर्चेचा अंदाजच येत नाही, किती ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून घेऊन लावायची कूर्चा, लागेल हे तो फुगलेल्या त्वचेवरून ठरवणार कसं? आणि ऑपरेशनमध्ये ते जेल मध्ये आलं तर त्वचा नव्या सांगाड्यावर नीट बसत नाही, पुढे काही महिन्यांनी उरलेलं जेल विरलं की आकार परत बदलतो. इन्फेक्शनचा धोकाही वाढतो. म्हणून तिचा सर्जन हात लावणार नाही म्हणतो ते मला आवडलं, असा डॉक्टर सोडू नकोस.

अर्धवट विरघळवण्याबद्दल. जमतं, मी करते, पण सुरीने रेघ मारून कापल्यासारखं जमत नाही. हे एन्झाइम पसरतं, पसरणं हाच त्याचा मूळ गुण आहे, डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये भूल लवकर पसरावी म्हणून ते कित्येक दशकं भुलेत मिसळलं जातंय. त्यामुळे डोळ्यांच्या मध्ये टोचलेलं खाली खळग्यापर्यंत पोचणारच नाही याची हमी कुणी देऊ नये. दुसरं म्हणजे, नाकात फिलर भरणं आणि फिलर विरघळवण्यासाठी हायलुरोनिडेज वापरणं या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, हिशोबाने ऑफ-लेबल आहेत, म्हणजे औषध मंजूर आहे पण या कामासाठी म्हणून नाही. याचा अर्थ ते चूक आहे असा नाही, जगभर चालतं, पण करणाऱ्याचा हात आणि अनुभव यावरच सगळं अवलंबून असतं. म्हणून कुणाकडून करून घेतेस हा प्रश्न 'करू की नको' पेक्षा मोठा आहे.


पारवा:

मध्येच बोलते, पण उंबरठाताई म्हणतात ते आत काय आहे ते शोधायचं, त्यावर माझा अनुभव लिहायलाच हवा. मलाही सर्जरीनंतर फिलर दिला होता आणि मीसुद्धा सगळे फिलर विरघळतात असंच धरून चालले होते कारण तसंच सांगितलं होतं. इंजेक्शन घेतलं, सूज आली, सूज उतरली आणि नाक जसंच्या तसं. परत घेतलं, परत तेच. शेवटी एका वेगळ्या डॉक्टरांनी बारीक भागांची जी हाय फ्रिक्वेन्सी सोनोग्राफी असते ती केली आणि स्क्रीनवर दाखवलं, हायलुरोनिकचा असता तर काळे ठिपके-तळी दिसली असती, माझ्या नाकात पांढरंशुभ्र चमकत होतं आणि त्याच्या खाली सावली, म्हणजे कॅल्शियमवाला. त्यावर हे इंजेक्शन चालत नाहीच. पुढे रिव्हिजन केली तेव्हा सर्जनने जेवढं मोकळं होतं तेवढं खरवडून काढलं आणि त्वचेत गुंतलेलं तसंच ठेवलं, कारण ते ओढून काढलं असतं तर त्वचाच धोक्यात आली असती.

मला घाबरवायचं नाहीये गं तुला. पण ती सोनोग्राफी इंजेक्शनच्या आधी झाली असती तर तेवढ्या सुया आणि तेवढी आशा-निराशा वाचली असती. दुखतही नाही, जेल लावून फिरवतात तेवढंच.


गवतफुला:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच खूप खूप आभार. दोन-तीनदा वाचून काढलं सगळं आणि मुख्य म्हणजे घरी आईला वाचायला दिलं, तिची धास्ती माझ्यापेक्षा जास्त होती.

क्लिनिकमध्ये मागणी केली. पहिल्या वेळचं रेकॉर्ड मिळालं, स्टिकर आहे, हायलुरोनिक ॲसिडचाच आहे. टच-अपच्या वेळच्या कागदावर नुसतं 'फिलर' लिहिलंय, नाव नाही, स्टिकर नाही, आणि विचारलं तर 'तेच असणार' असं उत्तर मिळालं. असणार! मला राग आला पण भांडत बसले नाही, पारवाचं वाचलेलं होतं म्हणून सरळ सोनोग्राफीची वेळ घेतलीये. माझ्या सर्जनलाही कळवलंय, तेही म्हणाले की आधी ते बघू.

टाकळा, तुझा फोटोंचा सल्ला लगेच ऐकला. फिलरच्या आधीचे फोटो सापडले आणि ते बघून एक वेगळंच वाटलं, खळगा होता तो खरंच एवढा मोठा नव्हता. म्हणजे मला अजूनही तो नीट करून घ्यायचाय, पण परत दिसेल या विचाराने जी धडकी भरायची ती कमी झाली.

आडवाटेचा, विचार केला तुमच्या प्रश्नाचा. नुसती रुंदी नाही, मला सर्जरीने नीट करायचंय, कारण दरवेळी भरत राहायचं म्हणजे दरवेळी तो धोका आणि दरवेळी थोडं थोडं रुंद होत जाणार.

उंबरठाताई, आता तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मी रोज रात्री ॲलर्जीची गोळी घेते, शिंकांसाठी, ती बंद करू का? इंजेक्शन झाल्यावर घरी आले की कशाकडे लक्ष ठेवायचं? आणि सर्जरी कधी करता येईल, सर्जन म्हणाले 'महिन्याभराने भेट', पण तुमचा अनुभव काय?


उंबरठा:

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. जो डॉक्टर इंजेक्शन देणार आहे त्याला गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते सांग. दोन कारणांनी महत्त्वाचं आहे, एक म्हणजे या गोळीने इंजेक्शनचा असर थोडा कमी होऊ शकतो आणि दुसरं म्हणजे हातावरची ॲलर्जीची चाचणी करताना गोळीचा अंमल असेल तर येणारी पुळी दबून जाते आणि चाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते. ते सांगतील किती दिवस आधी थांबवायची.

घरी आल्यावर सूज, थोडं दुखणं, काळंनिळं, खाज, हे चालेल. थंड कापड ठेव, डोकं उंचावर ठेवून झोप, चष्मा असेल तर एक-दोन दिवस दांड्यावर दाब येऊ देऊ नकोस. पण अंगावर गाठी उठणं, ओठ किंवा पापण्या भराभर सुजणं, घसा आवळल्यासारखं होणं, श्वासाला त्रास, चक्कर, यातलं काहीही झालं तर फोन करून विचारत बसू नकोस, थेट इमर्जन्सीला जा. बहुतेक वेळा हे पहिल्या तासाभरातच होतं म्हणून क्लिनिकमध्येच थोडा वेळ बसवून ठेवायला सांग. ॲलर्जीची सूज काही वेळा तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही येते, तेव्हा त्या रात्री घरी कुणीतरी सोबत असू दे.

पारवासारखं होऊन दुसऱ्या वेळचा फिलर वेगळा निघाला तर हायलुरोनिकवाला भाग विरघळवायचा आणि बाकीचा सर्जनने ऑपरेशनमध्ये बघायचा, असं दोघांनी मिळून ठरवता येतं, त्यासाठी सोनोग्राफीचा रिपोर्टच नाही तर चित्रंही मागून घे, कुठल्या थरात काय आहे ते त्यात दिसतं. ती घट्ट गाठ व्रण निघाली तर त्यासाठी सर्जन स्टिरॉइडचं अगदी कमी मात्रेचं इंजेक्शन देऊ शकतात, पण दांड्याच्या मधोमध त्वचा पातळ असल्याने तिथे ते फार जपून, कारण जास्त झालं तर त्वचा आणखी पातळ होते आणि खळगा वाढतो. हा निर्णय सर्जनवर सोड.

सर्जरीचं म्हणशील तर एन्झाइम स्वतः एक-दोन दिवसांत संपतं, थांबायचं असतं ते सूज उतरायला आणि ऊती शांत व्हायला. दोन आठवडे हे अगदी कमीत कमी, बहुतेक सर्जन चार आठवडे किंवा त्याहून जास्त थांबतात, आणि एकापेक्षा जास्त वेळा टोचावं लागलं तर शेवटच्या इंजेक्शनपासून मोजायचं. पहिल्या सर्जरीला वर्ष उलटून गेलंय त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. उजवीकडेच खळगा आहे म्हणजे उंचवटा काढल्यावर तिथली वरची कूर्चा आत सरकली आहे का हे सर्जन बघतील, तसं असेल तर नाकाच्या आतल्या मधल्या पडद्याच्या कूर्चेची पट्टी लावून ती उचलून धरतात, आणि पडद्यातली पुरेशी उरली नसेल तर कानाची किंवा बरगडीची घेतात. पुढच्या भेटीत हे त्यांना विचार, पडद्यात कूर्चा किती शिल्लक आहे ते, कारण पहिल्या वेळी त्यांनीच काढलेली असेल तर त्यांना आठवतही असेल आणि ऑपरेशनच्या नोंदीतही असेल.